पाच मिनिटांचे रशीदभाई

आमच्या शेजारचे रशीदभाई दारात आलेल्या माणसाला लगेच घरात घेत नसत. घड्याळाकडे बघत म्हणायचे, "पाच मिनिटं थांबा. टिकता का बघू." टिकलात की चहा मिळायचा, तोही आल्याचा.

लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले, त्यामागं होस्टेलं आली आणि होस्टेलात भाईंनी बनवलेली जनरेटरची पॅनलं बसली. लाईट गेली की पॅनलमधला रिले आपोआप जनरेटर चालू करायचा, आली की पुन्हा लाईटवर जायचा. पण आल्या आल्या नाही. भाई त्यात पाच मिनिटांचं सेटिंग टाकून ठेवत. होस्टेलवाले डिझेलच्या नावानं बोंबलायचे. भाई ऐकवायचे, "गेलेली चीज परत आली म्हणून लगेच भरवसा ठेवायचा न्हाई. पुन्हा जाती, अन् मशीन घेऊन जाती."

हे त्यांना भूकंपानं शिकवलं होतं. पहिला हादरा थांबला म्हणून त्यांचा थोरला भाऊ अम्मीची औषधं आणायला घरात गेला, आणि दुसऱ्या हादऱ्यात भिंत अंगावर आली. "पाच मिनिटं थांबला असता तर आज असता," एवढंच ते सांगत.

त्यांचा एकुलता एक सलीम. भाईंनी त्याला डॉक्टरकीच्या क्लासला घातलं. त्याला ते झेपलं नाही, तो नांदेडला पळाला. आमच्या गावात डॉक्टर होणाऱ्यांचे फोटो चौकाचौकात लागतात; न झालेल्यांचं काय होतं, ते कोणी विचारत नाही.

तीन वर्षांनी एका दुपारी सलीम बॅग घेऊन दारात उभा राहिला. मी आत चहा पीत होतो.

"अब्बा, आलो."

भाईंनी घड्याळ बघितलं. "थांब. पाच मिनिटं."

मी हसलो. सांगायला लाज वाटते, पण चांगला मोठ्यानं हसलो. पोरगं माझ्याकडे बघत राहिलं. चौथ्या मिनिटाला त्यानं बॅग उचलली. भाईंची नजर घड्याळावरच होती आणि मी मान खाली घालून कप तोंडाला लावला. पाच मिनिटं भरली तसे ते घाईनं उठले आणि म्हणाले, "ये बेटा." दारात कोणी नव्हतं.

परवा त्यांच्याकडे गेलो. दार सताड उघडं, मला कोणी थांबवलं नाही. लाईट येत-जात होती आणि भिंतीवरचं घरचं पॅनल प्रत्येक वेळी खटकन तिच्यावर जात होतं. सेटिंग बघितलं तर शून्य.

"भाई, जळून जाईल हे."

"जळू द्या," दारावरची नजर न हलवता ते म्हणाले. "पॅनल दुसरं बसवता येतंय."