बँकरशिवाय घाट

बुधाजी भोइराच्या ओटीवर पोपटराव ठोंबरे यांनी परदेशी विटांचा तो निळा डबा प्रथम पाहिला, तेव्हा ही हकीकत सांगणारे कोणीही तेथे हजर नव्हते. त्यामुळे त्या क्षणी त्यांचा चेहरा कसा झाला, याविषयी दोन मते आहेत. बुधाजीची बायको शकू हिच्या मते तो 'ताकात माशी पडल्यावानी' झाला. पोपटरावांच्या मते तो मुळीच झाला नाही. एवढे मात्र निश्चित, की १९८४ सालच्या त्या रविवारी ते पळसदरीहून कर्जतपर्यंत गाडी सोडून पायी आले आणि घरी येताच त्यांनी आपल्या सर्व देशी विटा साबणाच्या पाण्यात घातल्या.

विटा म्हणजे भट्टीतल्या नव्हेत, हे आधीच सांगितलेले बरे; कारण कर्जत-खालापूर भागात वीट म्हटली की माणसाला प्रथम धूर आठवतो. या प्लॅस्टिकच्या, अंगठ्याएवढ्या, डोक्यावर आठ गोल बोंडे असलेल्या. एकीवर दुसरी दाबली की 'टक्' करून बसते. त्या लहान मुलांसाठी असतात. पोपटराव बेचाळीस वर्षांचे होते, खालापूरच्या एका कचेरीत वरिष्ठ कारकून होते, आणि ज्या मुलीसाठी विटा आणल्या ती बारावीला जाऊन वसतिगृहात राहू लागली तरी त्यांनी त्या परत डब्यात भरल्या नव्हत्या. (उलट डबे वाढले होते.)

तालुक्यात असे आणखी तीन प्रौढ निघाले, हे आश्चर्यच. कशेळ्याचे धाऊ मास्तर, कर्जतचा पदू कंपाउंडर आणि पळसदरीचा बुधाजी. चौघांनी 'रचना मंडळ' स्थापन केले. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एकेकाच्या घरी बैठक होई. प्रत्येकाने आपली रचना मांडायची, बाकीच्यांनी आधी एक गुण सांगायचा, मग दोष. मधल्या काळात एक वही एसटीच्या कंडक्टरकरवी या गावाहून त्या गावाला फिरे. तीत रचनेची आकृती काढायची आणि खाली इतरांनी शेरा लिहायचा.

या वहीनेच घात केला. पोपटरावांनी आपल्या कचेरीची प्रतिकृती केली होती, खिडक्यांच्या गजांसकट. तिच्याखाली मास्तरांनी लिहिले, 'मोजमाप अचूक.' पुढच्याच पानावर बुधाजीची बैलजोडी होती. तिच्याखाली शेरा होता, 'अप्रतिम!' उद्गारचिन्हासह. 'अचूक' हा शब्द 'अप्रतिम'च्या नेमका किती पायऱ्या खाली येतो, याचा पोपटरावांनी तीन दिवस विचार केला, आणि चौथ्या दिवशी कचेरीत एका अर्जदाराला विनाकारण झापले.

बुधाजी म्हणजे भातशेती आणि दोन म्हशी. शिक्षण सातवी. पण बोटे लांब, बारीक. आणि साडू जहाजावर. साडू दर खेपेस परदेशी विटा आणी. त्या विटांची पकड अशी, की त्यांची भिंत उलटी धरली तरी सुटत नसे. पोपटरावांच्या देशी विटा उन्हाळ्यात सैल होत आणि हिवाळ्यात बसतच नसत. "कौशल्य माझं, पकड त्याची," असे ते पत्नीला म्हणत. पत्नी सुंदरा ही पळसदरीचीच, बुधाजीची गावबहीण. ती म्हणे, "बुधादादाचा हात लहानपणापासून तसाच हाय. मातीचा नाग केलाता, तर आमची आय दूध ठेवून आली." हे ऐकून पोपटराव उठून अंगणात जात.

अशा स्थितीत कर्जतच्या एका वाचनालयाचा अमृतमहोत्सव आला. चिटणिसांनी मंडळाला एक काचेचे कपाट देऊ केले. वर्षभर, दर्शनी दालनात. कपाट एक, म्हणून रचनाही एकच. विषय, 'आपला परिसर'. निवड पुढच्या बैठकीत, धाऊ मास्तरांच्या हातून. बैठक पोपटरावांच्या घरी.

बुधाजी कोंडाण्याच्या लेण्याची कमान करतो आहे, अशी बातमी पदूने आणली. चौकोनी विटांची गोल कमान! पोपटरावांनी त्याच दुपारी निश्चय केला. "लेणं जागचं हलत नाही," ते म्हणाले. "मी घाट करणार. चालती गाडी. गाडीपुढे दगड काय टिकतो?"

"कपाट केवढं हाय?" सुंदराने विचारले.

"तीन फूट. माथ्याचा भाग तेवढा तिथे जाईल. पण गाडी सगळा घाट चढून दाखवणार."

खऱ्या घाटात सदतीस फुटांना एक फूट चढ आहे. पोपटरावांनीही तोच ठेवला. खिडकीखालच्या पेटीपासून शिवणयंत्रापर्यंत बारा फूट मार्ग गेला, आणि त्या बारा फुटांत तो जेमतेम चार इंच चढला. (हा घाट आहे, हे पाहुण्यांना सांगावे लागे.) सुंदरा तीन आठवडे लुगडे सावरून खंडाळ्यावरून ये-जा करीत होती. एकदा ती थांबून म्हणाली, "यवढ्या खऱ्या विटा आणल्या असत्या, तर न्हाणीघर झालं असतं."

गाडी नऊ डब्यांची झाली, कारण कमी डबे लावणे पोपटरावांना अप्रामाणिकपणाचे वाटले. पुढे चावीचे इंजिन. त्याला चौदा वेढे दिले की ते पेटीवरून ऐटीत निघे, भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत जाई आणि तेथे चाके जागच्या जागी फिरू लागत. चाकांना रबर गुंडाळले, रुळांवर खडूची पूड टाकली. गाडी कॅलेंडरची हद्द ओलांडेना.

आठव्या दिवशी सुंदरा दारातून म्हणाली, "अवो, मागून बँकर लावा ना."

आता कर्जतच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असते. पुण्याकडे जाणारी गाडी इथे थांबते, मागून ढकलणारी जादा इंजिने, म्हणजे बँकर, लागतात, मगच ती घाट चढते. जन्म कर्जतमध्ये काढलेल्या माणसाने घाट उभारला आणि बँकर विसरला, याला बेपर्वाई म्हणता येणार नाही. पोपटरावांना मागून ढकलले जाणे ही कल्पनाच रुचत नसे, एवढेच.

"दुसरं चावीचं इंजिन कुठाय?" ते गुरगुरले.

"बुधादादाकडं हाय. निळं."

"त्याच्याकडे मागू? जावई आहे मी त्या गावचा!"

"म्हून तर देईल. जावयाला कोण नाय म्हनतंय?"

"तेच नको आहे मला!"

हे त्यांचे दुःख खरे होते. पळसदरीत ते गावचे जावई. तेथे कोणी त्यांना पत्त्यांतही हरू देत नसे. ज्या माणसाला आपण हरवायचे, तो आपल्याला मान म्हणून जिंकू देईल, या शंकेने त्यांना जेवण जात नव्हते. आणि तरीही गाडी कॅलेंडरपाशी उभी होती.

शुक्रवारी सुंदरा माहेरी गेली. परतली तेव्हा डब्यात तांदळाच्या भाकरी होत्या, आणि भाकरींखाली फडक्यात निळे इंजिन.

"बुधाजीला कळलं?"

"शकूवैनीकडून घेतलं. दादा शेतावर हुता."

"काय सांगितलंस?"

"काय सांगायचं? म्हनलं, द्या. दिलं."

निळा रंग लपवणे आवश्यक होते. पोपटरावांनी इंजिनाभोवती आपल्या लाल विटांच्या भिंती चढवल्या, वर छप्पर घातले, मागे छोटा सज्जा काढला, आणि बँकरचा गार्डाचा डबा झाला. तो गाडीला पक्का जोडून टाकला. आता पाहणाऱ्याला दिसणार होते एकच इंजिन, जे मागच्या आधाराशिवाय घाट चढते. (खऱ्या रेल्वेला जे जमले नव्हते ते.) दोन्ही इंजिनांच्या कळांना एकच दोरा बांधला, तो ओढला की दोन्ही एकदम सुटत.

अडचण एकच उरली. मागच्या इंजिनाची चावी लाल भिंतीआड गेली, आणि पोपटरावांचा जाड अंगठा त्या फटीत जाईना. तेव्हा पुढची चावी ते देत, मागची सुंदरा देई. बरोबर सात वेढे. सातावर गाडी घाट चढून शिवणयंत्राच्या मध्यावर, माथ्याच्या स्टेशनात, फलाटाला लागून थांबे. सहाला अलीकडे थांबे. आठाला मात्र फलाट सोडून कडेपर्यंत जाई. पोपटरावांनी अकरा वेळा खात्री केली आणि सुंदराला बजावले, "रविवारी माणसं यायच्या आत सात वेढे देऊन ठेव. सात."

"मला मोजता येतं," ती म्हणाली.

रविवारी पोपटराव मास्तरांना आणायला एसटी स्टँडवर गेले. कशेळ्याची गाडी अर्धा तास उशिरा आली. ते परतले तेव्हा पदू अजून यायचा होता. पण बुधाजी मात्र आधीच येऊन घाटापाशी उकिडवा बसला होता, आणि सुंदरा कपाळावरचा घाम पुसत स्वयंपाकघरात जात होती.

"या दाजी," बुधाजी उठत म्हणाला. "लय ब्येस केलंय. पर चढ दिसत नाय वो. भाताचा बांध वाटतोय."

"सदतिसास एक आहे," पोपटराव थंडपणे म्हणाले. "खरा तेवढाच."

"आसंल, आसंल. तुमी मोजलाय म्हंजे आसंलच."

मग बुधाजीने बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून आपली कमान काढली. वीतभर उंचीची. एकही गोल वीट नव्हती. प्रत्येक थर मागच्या थरापेक्षा केसभर पुढे सरकलेला, आणि दोन हातांवरून पाहिले की दगड वाकल्यासारखा वाटे. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. इतक्यात आलेला पदू म्हणाला, "आयला!" पोपटरावांनी नियमाप्रमाणे आधी एक गुण सांगायचा होता. "डबा चांगला आहे," ते म्हणाले.

नंतर ते घाटाकडे वळले. "मास्तर, एक गोष्ट लक्षात घ्या. नऊ डबे आणि शेवटी गार्डाचा. इंजिन एकच. मागून कोणी ढकलत नाही."

"बँकरशिवाय?" मास्तर चकित झाले.

"बँकरशिवाय."

"कर्जतातून? बँकरशिवाय?" पदू म्हणाला. "ठोंबरे, उद्या रेल्वेवाले तुमच्या पाया पडतील."

बुधाजी गार्डाच्या लाल डब्याकडे, गोठ्यात नव्या वासराकडे पाहावे तसा, मायेने पाहत होता.

पोपटरावांनी पुढच्या इंजिनाला चौदा वेढे दिले. मागच्याविषयी विचारण्याची ही वेळ नव्हती. शिवाय सुंदराला मोजता येत होते. त्यांनी दोरा ओढला.

गाडी निघाली. पेटी सोडली. कॅलेंडर गेले! मास्तर उभे राहिले. गाडी घाट चढत होती, आणि आजवर कधी चढली नव्हती इतक्या जोमात. सुंदरा पोह्यांची परात घेऊन बाहेर आली आणि ती तिने शिवणयंत्रापलीकडच्या स्टुलावर ठेवली. गाडी माथ्याच्या फलाटाला लागली. मास्तरांनी टाळी वाजवली. "शाब्बास! अप्र—"

गाडी थांबली नाही. तिने फलाट ओलांडला, यंत्राची कड ओलांडली, आणि नऊच्या नऊ डबे एकामागून एक, कोणतीही घाई न करता, पोह्यांत उतरले. पक्का जोडलेला गार्डाचा डबा सर्वांत शेवटी आला. परातीच्या काठावर आपटून त्याच्या देशी भिंती चहूबाजूंना उडाल्या, आणि कोथिंबिरीवर उताणे पडलेले निळे इंजिन चाके फिरवीत राहिले. बराच वेळ. पोटावर खिळ्याने कोरलेले होते, 'बु. भो.'

मास्तरांनी वाकून ती अक्षरे वाचली.

"बँकर," मास्तर अखेर म्हणाले.

"दाजी, लागलं तर नाय ना कुटं?" बुधाजीने विचारले. त्याचा रोख इंजिनाकडे होता की पोपटरावांकडे, हे समजले नाही.

मास्तर न्यायी माणूस. त्यांनी पोहे बाजूला सारून विचार केला. "घाट ठोंबऱ्यांचा. इंजिन बुधाजींचं, पण उसनं. उसनं इंजिन स्वतःच्या हाताने चालवलं असेल, तर रचना ठोंबऱ्यांचीच म्हणता येईल. लपवलं हा दोष वहीत लिहू. मागची चावी कोणी दिली?"

"मीच—" पोपटराव म्हणाले.

"दाखवा."

पदूने लाल भिंती पुन्हा इंजिनाभोवती बसवल्या आणि डबा त्यांच्यापुढे धरला. अंगठा फटीत गेला नाही. करंगळीही अडकली, ती काढायला साबण लागला.

"वेढे तरी किती?" मास्तरांनी विचारले.

"सात."

"सातावर पोह्यांत कशी गेली? ही तर गच्च भरलेली होती."

पोपटरावांनी सुंदराकडे पाहिले. तिने परातीतून एक लाल वीट उचलून पदराला पुसली. "मी नाय दिली. मी द्याया गेलते, तर चावी फिरतच नव्हती. आधीच कुणीतरी भरलीती."

सगळ्यांनी बुधाजीकडे पाहिले.

"मी कशाला देऊ, मास्तर?" बुधाजी म्हणाला. "इंजिन हितं हाय ह्येच मला ठावं नव्हतं. आन् ठावं असतं तरी," त्याने आदराने मान लववली, "जावयाच्या कामात मी कशाला हात घालू? सुंदरीनंच दिली आसंल. लहानपनापास्नं हिला मापच कळत नाय."

"बुधादादा, तूच हितं बसलातास!"

"तू चा टाकाया गेलीस तवर मी कमान पुसत हुतो, गं!"

"भांडू नका," पोपटराव क्षीणपणे म्हणाले. कारण दोघेही मनापासून हसत होते.

मास्तरांनी निर्णय राखून ठेवला. वाचनालयाच्या कपाटात सध्या कमान ठेवली आहे. शेजारी घाटाचा माथा मावेल एवढी जागा, चावीचा निकाल लागेपर्यंत, रिकामी आहे. पोपटराव दर शनिवारी जाऊन ती पाहून येतात. घरी आले की ते सुंदराला विचारतात, आणि ती म्हणते बुधादादाने दिली. पळसदरीस गेले की बुधाजीला विचारतात, आणि तो म्हणतो सुंदरीने दिली. दोघांचे एकाच मुद्द्यावर एकमत आहे, आणि वहीत तेवढीच नोंद होऊ शकली: चावी पोपटरावांनी दिली नाही.