उर्फ कलेक्टर

तुमचं चारित्र्य शेवटचं कधी तपासलं होतं, आणि तपासणाऱ्यानं तो कागद वाचला होता का?

बिचकू नका. तुम्ही बहुधा कायम नोकरीत असाल. तुमचं चारित्र्य नोकरी लागताना एकदाच तपासलं असेल. त्यानंतर तीस वर्षं ते खराब व्हायला मोकळं असतं. आमच्या गल्लीतल्या लिंगप्पाअण्णांचं तसं नाही. ते एका सरकारी इमारतीत पाण्याची मोटर चालवतात, गेली एकवीस वर्षं, कंत्राटी पद्धतीनं. कंत्राट अकरा महिन्यांचं. अकरा महिने झाले की एजन्सी बदलते, निदान तिच्या पाटीचा रंग तरी बदलतो, आणि अण्णांचं चारित्र्य पुन्हा पोलिसांकडे तपासायला जातं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीसारखी त्याला मुदत आहे. आजवर ते बावीस वेळा तपासलं गेलं आणि बावीस वेळा चांगलं निघालं. सोलापुरात इतका सज्जन माणूस दुसरा नसेल. असलाच तर त्याच्याकडे पुरावा नसेल.

अण्णांकडे आहे. बावीसच्या बावीस दाखले लॅमिनेट केलेले, कोपऱ्यात भोक पाडून सुतळीत ओवलेले, रेक्झिनच्या पिशवीत. पिशवी कायम काखेत. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पूर्वीचे काही कागद आहेत का?" अण्णांनी रक्ताच्या रिपोर्टआधी चारित्र्याचे दाखले टेबलावर ठेवले. समोरच्या झुबेदाचाचीच्या मुलासाठी सोयरिकीचे पाहुणे आले, तेव्हा त्यांनी सहज विचारलं, शेजार कसा आहे? अण्णा उठून घरात गेले आणि सुतळी घेऊन आले.

"शेजार निष्कलंक हाय," ते म्हणाले. "शिक्क्यासकट."

लग्न जमलं. चाची अजून सांगते, "अण्णाके कागजां देखकेच रिश्ता जम्या."

पूर्ण नाव लिंगप्पा चनबसप्पा कोरे. आडनाव कोरे आणि चारित्र्यही कोरं, असा विनोद मी एकदा केला. अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "कोरं कसं? बावीस शिक्के हाईत की त्याच्यावर." गाव अक्कलकोटच्या पुढे. अण्णा चिडतात कानडीत, बोलतात मराठीत आणि जगतात सरकारी मराठीत. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'कागदाप्रमाणं'. अण्णा, जेवलात का? "कागदाप्रमाणं एक ते दोन जेवणाची सुट्टी हाय, तवा जेवलो आसन." अण्णा, तब्येत कशी आहे? "कागदाप्रमाणं बरी हाय."

माझ्यावर त्यांचा लोभ आहे, पण विश्वास नाही. आमच्या घरी वर्तमानपत्रापेक्षा मोर्चांची पत्रकं जास्त यायची आणि आता ती मीच लिहिते, म्हणून ते मला 'पत्रकबाई' म्हणतात. माझं प्रत्येक पत्रक नीट वाचतात आणि परत देतात. "लई धिक्कार हाय गं ह्यात. जावक नंबर कुटं हाय?"

तर यंदा तेविसाव्या फॉर्मची वेळ आली. आणि पोलीस ठाण्यात एक तरुण हवालदार नव्यानं बदलून आला होता. त्यानं एक भयंकर गोष्ट केली. त्यानं फॉर्म वाचला.

एकवीस वर्षांची कसून पडताळणी, त्यात हे पहिल्यांदाच घडत होतं. फॉर्मवर नावाच्या खाली एक रकाना असतो: 'उर्फ'. तो कुणासाठी असतो हे तुम्हाला ठाऊक आहे. पक्या उर्फ चिकना, राजा उर्फ तलवार, अशा गुणीजनांसाठी. सामान्य माणूस तिथे 'निरंक' लिहितो आणि सुटतो. अण्णांनी तिथे सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: कलेक्टर.

लिंगप्पा चनबसप्पा कोरे उर्फ कलेक्टर.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार गल्लीत हजर. गाडी लावली आणि पहिल्याच दारात विचारलं, "इथं कलेक्टर कोण राहतो?"

दार झुबेदाचाचीचं होतं. चाची आधी हसली, मग घाबरली. "कलेक्टर? इदर कायकू रैंगा बाबा? उनो बंगले में रैते ना!"

"लिंगप्पा कोरेंना कलेक्टर म्हणतात का?"

"अण्णाकू? अण्णाकू अण्णा बोलते."

दहा घरं झाली. नळाला पाणी यायचा दिवस होता, चार दिवसांनी आलेला, त्यामुळे कुणाला हवालदारासाठी वेळ नव्हता. जो तो हंडा न सोडता मान हलवत होता. मीही मान हलवली. मला खरंच माहीत नव्हतं.

मग अण्णांच्या दारात चर्चा झाली. हवालदार वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "काका, सोपं हाय. उर्फच्या पुढं निरंक लिहा, मी आत्ता शिक्का मारतो."

"खाली काय छापलंय ते वाचा," अण्णा म्हणाले.

"वरील माहिती सत्य आहे."

"मग? माझी सही हाय त्याच्याखाली. आन् बावीस कागदांवर जे लिवलं ते तेविसाव्यावर खोटं हुईल व्हय?"

हवालदारानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि अहवाल लिहिला. त्याची प्रत मी पाहिली आहे. भाषा अशी की वाचून अंगावर मूठभर मांस चढावं: 'सदर इसम कलेक्टर असे उर्फ नाव धारण करतो. तथापि सदर नावाने त्यास परिसरात कोणीही ओळखत नाही. सबब शासकीय अधिकाऱ्याची तोतयागिरी करण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

पॅन्टचा पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हातात पाना, आणि हा माणूस म्हणे कलेक्टर होऊन फिरतो. निवडणुकीला उभं राहायचं असेल तर आपल्यावरचे गुन्हे कागदावर लिहून दिले की भागतं; पुढे मतदारांची मर्जी. पाण्याची मोटर चालू करायला मात्र डाग चालत नाही. बरोबरच आहे. राज्य कुणीही चालवेल, मोटर जबाबदारीचं काम आहे.

दाखला नाही म्हणून पास नाही. पास नाही म्हणून गेटवर सुरक्षारक्षकानं अण्णांना अडवलं. त्याचा स्वतःचा दाखला महिन्याभरापूर्वी संपला होता, पण तो गेटच्या बाहेरच्या बाजूला उभा राहत असल्यामुळे प्रश्न आला नाही. अण्णांनी वाद घातला नाही. "कागदाप्रमाणं बरोबर हाय तुजं," म्हणाले आणि काखेतली पिशवी उघडून चाव्यांचा जुडगा काढला. पंपघर, गच्ची, तिन्ही मजल्यांचे संडास आणि रेकॉर्ड रूम. म्हणजे ज्या माणसाला आत सोडणं धोक्याचं होतं, त्याच्या चारित्र्याची फाईल ज्या कपाटात होती, त्या खोलीची चावी एकवीस वर्षं त्याच्याच काखेत होती. अण्णांनी चाव्या दिल्या आणि पोच मागितली. पोच द्यायला कुणाकडे अधिकार नव्हता. तासभर चाव्या गेटच्या कठड्यावर पडून होत्या आणि अण्णा त्यांच्यावर नजर ठेवून उभे.

अकरा वाजता दुसऱ्या मजल्यावरचं पाणी गेलं. त्या इमारतीतले व्हॉल्व कुठल्याही नकाशात नाहीत, ते अण्णांच्या डोक्यात आहेत. शिपाई धावत गेटवर आला. "अण्णा, साहेबांच्या तोंडाला साबण हाय, या की आत!"

"कागदाप्रमाणं येता येत न्हाय."

"मग काय करू?"

"जिन्याखालचा डावा अर्धा सोड. उजव्याला हात लावू नगंस. लावलास? येन माडोदू, काय करायचं आता... पळ, आधी मोटर बंद कर!"

तीन दिवस असं चाललं. मोटर आत, अण्णा रस्त्यावर, मध्ये लोखंडी जाळी. अण्णा ओरडून इमारत चालवत होते आणि हजेरीपुस्तकात त्यांची गैरहजेरी लागत होती.

चौथ्या दिवशी एजन्सीनं कळवलं: सोमवारपर्यंत दाखला आणा, नाहीतर दुसरा माणूस ठेवतो. हवालदारानं एक वाट काढून दिली. दोन प्रतिष्ठित व्यक्तींनी लेखी द्यायचं की आम्ही सदर इसमास या नावानं ओळखतो, हे लाडाचं नाव आहे, तोतयागिरी नव्हे. एक व्यक्ती गल्लीतली, एक त्या इमारतीतली कायम कर्मचारी.

इमारतीतली सही आणायला मी गेले. भाऊसाहेब नावाचे हेडक्लार्क अण्णांची लिंबाच्या लोणच्याची बरणी मांडीत धरून जेवत होते. अण्णा दर उन्हाळ्यात त्यांना ती देतात.

"तुम्ही अण्णांना ओळखता ना?"

"म्हणजे काय! वीस वर्षं त्यांच्या हातचं पाणी पितोय."

"मग इथं सही करा."

भाऊसाहेबांनी चमचा खाली ठेवला. "ताई, ओळखतो. पण लेखी ओळखत नाही."

तीन मजले फिरले. सगळे अण्णांना ओळखत होते. सगळ्यांना काळजी होती, एका बाईंच्या तर डोळ्यांत पाणी आलं. लेखी कुणीच ओळखत नव्हतं.

रविवारी सकाळी मी तावातावानं अण्णांच्या खोलीत शिरले. सगळ्यांवरचा राग, तो त्यांच्यावरच काढला. "अण्णा, लिहा ना निरंक! एका शब्दासाठी नोकरी घालवता? एवढा कसला कागदाचा सोस? तुम्हाला कोण कलेक्टर म्हणतं? कुणीसुद्धा नाही!"

अण्णा ज्वारी निवडत बसले होते. सूप हलवायचं थांबलं नाही.

"व्हय. आता कोण न्हाय म्हणत."

खडे बाजूला पडत राहिले. मग ते म्हणाले, "जुन्या खोलीत ऱ्हात हुतो तवाची गोष्ट. कामाला लागून म्हैन्याभरानं पहिला फॉर्म आला, तवा टायपिस्टला म्या इचारलं, उर्फ म्हंजी काय रं? त्यो म्हणला, घरी काय म्हणत्यात ते. शांतव्वा शेजारीच हुती. इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या दिवशी निगालो कामावर, तवापासनं ती तसंच म्हणायची. आमचं कलेक्टर निगालं. कलेक्टर, डबा घ्या. लई हसली ती. म्हणली, लिवा की. सरकारला बी कळू द्या."

शांतव्वा म्हणजे अण्णांची बायको. ती गेल्याला सहा वर्षं झाली. अण्णा आमच्या गल्लीत आले ते त्यानंतर, एकटे. तिला आमच्यातल्या कुणीही पाहिलेलं नाही.

"आता वर्सातनं एकदा त्यो रकाना येतो," अण्णा म्हणाले. "तिथं निरंक कसं लिवू?"

'सदर नावाने त्यास परिसरात कोणीही ओळखत नाही.' पोलिसांचा अहवाल तंतोतंत खरा होता.

मी फॉर्म ओढला आणि पेन काढलं. अण्णांनी माझा हात धरला.

"थांब. तू मला कवा म्हणलीस? कागदाप्रमाणं खोटं हुईल."

मी उठले, चपला घातल्या, गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि पत्रक वाचायच्या आवाजात हाक मारली, "ओ कलेक्टर! चहा टाका!"

चाचीनं खिडकीतून डोकं काढलं. "अगे, कलेक्टर इदरच रैता क्या?" आणि मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनंही आवाज दिला, "कलेक्टरसाब, मेरेकू भी अर्धा कप!"

आतला सुपाचा आवाज थांबला. मग भांडं वाजलं आणि अण्णा म्हणाले, "टाकतो की. साखर न्हाय घरात, कुणीतरी आणा."

साखर चाचीनं आणली. सही मी केली. हंडा मोर्चात माझं नाव पोलिसांनी लिहून घेतलं होतं, तेव्हा मी प्रतिष्ठित धरली जाईन का, अशी शंका मी हवालदाराला फोनवर विचारली. तो म्हणाला, "चालतंय. सोलापुरात तेवढं सगळ्यांचंच असतंय."

दुसऱ्या सहीची जागा हे लिहिताना रिकामी आहे. सोमवार उद्या आहे.

तेव्हा वाचकहो, तुम्ही त्या इमारतीत कायम नोकरीला असाल तर उद्या दहाला गेटवर या. रेक्झिनची पिशवी काखेत धरून एक गृहस्थ जाळीबाहेर उभे असतील. आधी त्यांना कलेक्टर म्हणून हाक मारा, मग सही करा. उलट क्रमानं केलेली त्यांना चालणार नाही. आणि तुम्ही दुसऱ्या कुठल्या इमारतीत असाल, तर तिथेही कुणीतरी तुमचं पाणी भरतं, फरशी पुसतं, लिफ्ट चालवतं. उद्या त्या माणसाला विचारा, घरी तुम्हाला काय म्हणतात? उत्तर लक्षात ठेवा. अकरा महिन्यांच्या आत त्याचा फॉर्म तुमच्या टेबलावर येईल.