जयसिंग खोताच्या गळ्यातली माळ

हरेश्वर स्वतःबद्दल फार बोलत नसे. बोलायला लागला तर जेमतेम पाऊण तास. मांडव्यापासून मुरुडपर्यंत आपल्या तोडीचा गुप्तहेर नाही, हे तो स्वतःच मान्य करी, कारण दुसरं कुणी करत नव्हतं. कार्डावर ‘खासगी अन्वेषक’ आणि खाली ‘रूम भाड्याने मिळतील, घरगुती जेवण’ असं छापलं होतं. रूम झाडायच्या, जेवण रांधायचं आणि अन्वेषणाला मान डोलवायची, ही तिन्ही कामं बायको नलूकडे होती.

नागावात तेव्हा एकच वाद पेटला होता. ‘खाडीपलीकडचं घर’ या मालिकेतला जयसिंग खोत भावाची वाडी लाटतो, आईला घराबाहेर काढतो. असा माणूस आवडला तर चालेल का? प्रेक्षक मंडळाची अध्यक्ष जवेरिया हिने ठराव मांडला की, ज्याला खोत आवडतो तो आतून खोतच. त्याला मंडळातून काढा. नलूनेही हात वर केला. तिला खोत फार आवडायचा, पण रविवारी काशीदला चित्रीकरण बघायला मंडळाची गाडी जाणार होती. तिने साडीसुद्धा काढून ठेवली होती.

मालिकेवाले राहून गेले तेव्हा खोताचा माणसाएवढा पुठ्ठ्याचा पुतळा हरेश्वरच्या पडवीत विसरले होते. बुधवारी सकाळी त्याच्या गळ्यात पांढऱ्या कांद्यांची माळ दिसली.

“खोत रडवतो, कांदाही रडवतो,” हरेश्वर डोळे बारीक करून म्हणाला. “भक्त बुद्धिमान आहे. कांदे सतरा. खोताची पापं किती?”

“एकोणीस,” नलूच्या तोंडून पटकन निघून गेलं.

“म्हणजे दोन कांदे भक्ताने खाल्ले!”

हंगामात अशा माळा घरोघरी टांगलेल्या असतात. एरवी नलू हसली असती, पण चोराच्या मनात चांदणं.

गाठ डाव्या हाताने मारलेली आहे, असा हरेश्वरने निष्कर्ष काढला. गावात डावखुरी एकच, प्रणाली मास्तरीण. संध्याकाळी पडवीत मंडळ जमलं.

“अहो, खोत आला की मी आवाज बंद करते!” प्रणाली रडकुंडीला आली.

“संशयास्पद. निर्दोष माणूस चॅनल बदलतो.”

जवेरियाने नाव खोडायला वही उघडली. तेवढ्यात शेजारची सोनाबाई सरळ आत आली आणि पुतळ्याच्या गळ्यातली माळ काढू लागली.

“पुराव्याला हात लावू नका!” हरेश्वर ओरडला.

“कसला पुरावा? माजं कांदं हायत. आमच्यात वारा न्हाय, म्हणून हतं टांगलं. खिळा मिळाला न्हाय, यो मेला उभाच होता.”

सोनाबाई गेली. प्रणाली सुटली. नलूही सुटली होती, नुसतं गप्प बसायचं होतं. पण तिला स्वतःची लाज वाटली.

“मला आवडतो खोत,” ती उठून म्हणाली. “आवडला म्हणून मी कुणाचं वाकडं केलं नाही. आवडत नाही असं दाखवायला मात्र आज प्रणालीचा बळी जाऊ देत होते. काढा माझं नाव.”

जवेरियाने वही मिटली.

“नाव राहू दे. खिडकीची जागा मात्र माझी हां. मलाही त्याला जवळून बघायचंय.”

पाठोपाठ प्रणालीने नाक पुसत विचारलं, “पुढची सीट रिकामी आहे का?”

हरेश्वर एकटाच उभा राहिला. “नलू, खरं सांग. माझ्यात काय कमी आहे?”

“काही नाही हो,” नलू म्हणाली. “म्हणून तर तुमच्यावर मालिका निघत नाही.”