न्यूयॉर्क नरम आहे, वहिनी!

सकाळी विहिरीवर मी पहिली कळशी वर ओढते न ओढते, तोच शेजारच्या पायरीवरून आवाज यायचा, "न्यूयॉर्क नरम आहे, वहिनी! तूप जपून वापरा!"

हे आमचे तात्या. खांद्यावर पंचा, तोंडात राखुंडी आणि त्या राखुंडीतून जगाच्या बाजाराचं भविष्य. आत त्यांची लेक कुसुम चहा टाकता टाकता खुदकन हसायची नि म्हणायची, "तात्या, आधी चूळ भरा!" मग आमच्या बैठ्या चाळीचा दिवस सुरू व्हायचा.

तेव्हा स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. बोरीवली म्हणजे पुढे स्टेशन, मागे डोंगर आणि मधे वाड्या. डोंगरातला बिबट्या कधीमधी ओढ्यावर यायचा, पण त्याची आम्हाला एवढी धास्ती नव्हती जेवढी तात्यांच्या मंदीची. फोर्टात एका कापूस-दलालाच्या पेढीवर जन्म काढून तात्या घरी बसले होते. पेढी सुटली, जग काही सुटलं नाही. सगळी खबर यायची ती आमच्याच पेपरातून, आणि तीही आमच्या ह्यांनी वाचायच्या आत. पेपर परत करताना तात्या मान हलवून म्हणायचे, "एकंदर चित्र नाजूक आहे." हे बिचारे तेवढं ऐकूनच ऑफिसला जायचे.

आपण भेंडीचं टोक मोडतो ते ती कोवळी आहे का बघायला. तात्या मोडायचे लंडनसाठी. कटकन मोडली तर लंडन कडक, वाकली तर नरम. टोपलीभर भेंडी अशी बोडकी झाल्यावर भाजीवाली एकदा खवळली, "ओ बाबा, लंडनला जाऊन मोडा ना! माझी कशाला वाट लावताय?"

एकदा मलायात रबर तापलं म्हणून स्वस्तात रबरी चपलांचे चार जोड उचलून आणले. घरी येऊन बघतात तर सगळ्या डाव्या पायाच्या! "टंचाईत एवढं बघत बसायचं नसतं," म्हणाले. कुसुम गुणाची पोर. महिनाभर दोन डाव्या चपला घालून शाळेत शिकवायला जात होती. पुढे डब्यांच्या पत्र्याला लागतं ते कथील महागणार असं कळलं, तेव्हापासून घरात एकही डबा फेकला गेला नाही. रिकाम्या डब्यांची उतरंड छपराला टेकली. मांजर शिरलं की असा काही खणखणाट व्हायचा की पुसू नका.

पण खरी पंचाईत होती ती वेगळीच. कुसुमची आई ती चार वर्षांची असतानाच गेली. मी तेव्हा नवीनच लग्न होऊन आले होते. तात्या दारात येऊन उभे. "वहिनी, वेणी कशी घालतात हो?" खिडकीच्या गजाला सुंभाच्या तीन दोऱ्या बांधून मी त्यांना शिकवलं. आठ दिवस पेढीवरून आले की दोरीची वेणी घालत बसायचे. ती पोर आता पंचविशीला आली, तरी लग्नाचं नाव काढलं की तात्यांचं जग आडवं यायचं.

आपल्याकडे स्थळ नको असलं की पत्रिका जुळत नाही म्हणतात, आणि तेसुद्धा मुलाकडचे. मुलीच्या बापानं ऑस्ट्रेलियातल्या लोकरीमुळे स्थळ नाकारल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं. एक नाकारलं लोकरीमुळे, एक ब्राझीलच्या कॉफीमुळे. ती मंडळी घरी चहा पिणारी!

शेवटी मीच पदर खोचला. माझ्या बहिणीचा वसंता, मुलुंडला राहणारा, कारखान्यात ड्राफ्ट्समन. मुलगा म्हणजे अगदी सोनं, हे मी मावशी म्हणून नाही सांगत. तो आणि माझी बहीण बघायला आले. पोहे पुढे आले, आणि तात्यांनी विचारलं, "तांब्याच्या भावाबद्दल आपलं मत काय?"

वसंता म्हणाला, "मला त्यातलं काही कळत नाही."

कुसुमनं मान वर करून त्याच्याकडे नीट बघितलं आणि त्याच्या पोह्यांवर आणखी खोबरं घातलं. मी काय समजायचं ते समजले. तात्या मात्र हात जोडून म्हणाले, "मुलगा उत्तम. पण एकंदर चित्र नाजूक आहे. दिवाळीनंतर बघू."

"जळलं मेलं तुमचं चित्र!" माझ्या तोंडून गेलंच.

दिवाळी झाली, संक्रांत झाली. बहिणीचा निरोप आला, ठाण्याहून दुसरं स्थळ सांगून आलंय, वसंता कुसुमसाठी अडून बसलाय, पण मी आता होळीपर्यंतच थांबेन. मी कुसुमला विहिरीवर गाठून सांगितलं. ती रहाट धरून तशीच उभी राहिली.

"काकू, मला पसंत आहेत ते. पण मी गेले तर तात्यांना कोण हसणार?"

"मग बस इथेच डबे मोजत!" मी रागानं म्हटलं. डोळे माझेच भरले होते, तिला दिसू नयेत म्हणून कळशी उचलून चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या पायरीवर आले. "न्यूयॉर्क—" एवढं म्हणतात तोच कुसुम आतून बाहेर आली. तात्यांसारखाच पंचा खांद्यावर, हात कमरेवर. सगळी चाळ विहिरीवर होती.

"मुलुंड तेजीत आहे!" ती खणखणीत ओरडली. "होळीपर्यंत घेतलं नाही तर हातचं जाईल! मला हवंय, तात्या!"

तात्यांनी राखुंडी गिळली. खरंच गिळली. ठसका लागला, डोळ्यांना पाणी आलं, कुसुम पाठ चोळू लागली. ठसका ओसरल्यावर ते म्हणाले, "मग... घेऊन टाकू या."

लग्न झकास झालं. त्या दिवशी वेणी तात्यांनीच घातली, नवऱ्याकडच्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या.

त्यानंतर सकाळी विहिरीवर शांतता. दोन दिवस मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तिसऱ्या दिवशी चैन पडेना. तात्या पायरीवर होते, डोंगराकडे तोंड करून. डोंगराच्या पलीकडे मुलुंड.

"काय तात्या, न्यूयॉर्क काय म्हणतंय आज?"

"न्यूयॉर्क होय? असेल आपल्या जागी." डोंगरावरची नजर त्यांनी हलवली नाही. "वहिनी, मुलुंडचं काही कळलं का हो?"

एवढा जगाचा पसारा रोज अंगावर घेणारा हा माणूस!

"मुलुंड ठीक आहे, तात्या. मजेत आहे. रविवारी येतंय इकडे, जावयासकट."

तात्यांनी भराभर चूळ भरली आणि घरात पळाले. आत सगळी उतरंड खणखणत कोसळली. थोड्या वेळानं एक डबा पोटाशी धरून बाहेर आले. तेवढा एकच भरलेला होता, काठोकाठ तुपानं.

"बेसनाचे लाडू आवडतात तिला. कराल ना, वहिनी?"

"करीन की. पण एवढं तूप?"

"सगळं वापरा," तात्या म्हणाले.