रेडिओचा जबाब

नाना चिंचणकर रेडिओ ऐकत नसत. ते रेडिओचा जबाब घेत.

संध्याकाळी सात वाजले की नाना टोपी घालून जाळीचा रुमाल पांघरलेल्या रेडिओसमोर बसत. टोपी अशासाठी, की उघड्या डोक्याने जबाब घेणं त्यांना मंजूर नव्हतं. मांडीवर फळी, फळीवर कागद, कानामागे एक जादा पेन्सिल. रेडिओ बोलू लागला की नाना लिहू लागत. बातम्या सांगणारा मध्येच अडखळला, की कंसात नोंद होई: (इसम अडखळला). गाणाऱ्या बाईंनी तानेच्या अधेमध्ये श्वास घेतला, तर (बाईंनी दम घेतला).

"नाना, श्वास कशाला लिहिता?" मी एकदा विचारलं.

"का? घेतला नाही का त्यांनी?"

"घेतला."

"मग नोंदीला आला पाहिजे."

हे त्यांचं रोजचं वाक्य. ग्वाल्हेरच्या इंदरगंज अदालतीत नानांनी तीस वर्षं साक्षीदारांचे जबाब लिहून घेतले होते. साक्षीदार खोकला तर खोकला लिहिला, रडला तर किती वेळ रडला ते लिहिलं. आदल्या वर्षी पेन्शन घेऊन ते आमच्या घरावरच्या माडीवर राहायला आले, पण सवय सुटली नाही. दूधवाला उशिरा आला तरी नाना जिन्याच्या तोंडाशी उभे राहून विचारत, "नाम? वालिद का नाम? कहां रहते हो?"

"अरे नानासाहब, मैं तो रोज आता हूं!"

"रोज आता है, यह भी लिखा जाएगा."

नानांची आणखी एक खोड होती. बाहेरून आले की माडीच्या उंबरठ्यावर ते धाडधाड दोनदा पाय आपटत, आणि मगच आत शिरत. माडीची जमीन फळ्यांची. खाली राहणाऱ्या आमच्या घरात छताची धूळ ताटात पडे. "चपलेची माती झाडतो," असं ते सांगत. पण चपला तर ते जिन्याखालीच काढून ठेवत.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मला आठ पानांच्या आत ठाऊक होती. वडिलांच्या ट्रंकेत दडवलेल्या पत्रकांवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळे 'अ' म्हटलं की मला अननस आठवत नसे, अन्याय आठवे. सकाळी हजीरा भागातल्या गिरणीच्या फाटकावर मी स्वतःची पत्रकं वाटायचो आणि दुपारी पुढचं पत्रक लिहायचो. नाना मला 'पत्रकबहाद्दर' म्हणत. मी त्यांना मनातल्या मनात 'सरंजामशाहीचा दौतवाहक' म्हणायचो.

लढाई संपून वर्ष झालं होतं. त्या श्रावणात मुंबईच्या रेडिओवर दर आठवड्याला एक भाग असं एक नाटक सुरू झालं. पुण्याचा एक प्राध्यापक परसात आकाशयान बांधतो, त्यात बसून मंगळावर जातो, मंगळाचे लोक त्याला पकडतात, त्याच्यावर खटला चालवतात आणि शेवटी परत पाठवतात. आठ भाग. नानांनी आठही भागांचा जबाब घेतला. आठव्या भागाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी जिन्यातूनच मला हाक मारली.

"पत्रकबहाद्दर, वर या. कादंबरी करायची आहे."

"कशाची?"

"मंगळाची. एवढं मोठं नाटक बोलले आणि हवेत सोडून दिलं! कागदावर काहीच नाही! असं कुठे असतं का?"

मला वर्दी द्यायचं कारण एवढंच, की नानांना जबाब लिहिता येई, कादंबरी येत नसे. त्यांनी पहिलं प्रकरण माझ्या हातात ठेवलं. कादंबरीचं नाव होतं 'मंगळस्थ इसमांचा जबाब'. सुरुवात अशी:

'मी, मंगळावरचा इसम, वडिलांचे नाव माहीत नाही, वय अंदाजे चारशे, धंदा आकाशयाने अडवणे, राहणार मंगळ, शपथेवर लिहून देतो की, सदर प्राध्यापक विनापरवाना उतरला.'

"नाना, ही कादंबरी नाही."

"का? खोटं आहे का यात काही?"

"सगळंच खोटं आहे! पण शपथ कशाची घेतली त्याने? मंगळावर गंगाजळ आहे?"

नानांना मुद्दा पटला. मग पेन्सिल उचलून त्यांनी 'शपथेवर' खोडलं आणि 'खुशीने' लिहिलं.

मी कामाला तयार झालो, पण तत्त्वावर. ग्वाल्हेर संस्थानात राहून संस्थानाबद्दल जे छापता येत नव्हतं, ते मंगळाबद्दल छापता येईल, असं माझ्या ध्यानात आलं होतं. म्हणून मी पहिल्याच दिवशी अट घातली, "मंगळावर राजा नको."

"नाटकात आहे."

"कादंबरीत नको."

"मग अर्जावर हुकूम कोण देणार?"

"लोक."

"सगळे?"

"सगळे."

"सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या म्हणजे अर्जाला केवढा कागद लागेल, भैया!"

यावर आम्ही चार दिवस भांडलो. पण खरं भांडण पुढेच होतं. नाना राजावर हटून बसले नाहीत तितके आवाजांवर बसले.

त्यांच्या कागदांत गोष्ट थोडी आणि आवाज फार. यान उडतं त्याला दीड पान: 'प्रथम घरघर. जात्यावर एकट्या बाईने दळावे तशी. मग दोघी बसल्याप्रमाणे. मग पितळी परात मोरीत पडून गोल गोल फिरत थांबते तसा आवाज, परंतु थांबला नाही.' मंगळाचं मोठं दार उघडतं ते 'पाटणकर बाजारातील कल्हईवाल्याच्या भात्याप्रमाणे'. मंगळाची राणी हसते ती 'बांगड्यांच्या माळेतून चार निसटून फरशीवर पडाव्यात तशी'. आणि मधून मधून, प्रत्येक प्रकरणात, मंगळावर वारा सुटे: 'फोडणीत मोहरी तडतडावी तसा. बराच वेळ.'

हा वारा काय ते मला आधी कळेना. मग उलगडलं. मुंबई लांब, नानांचा रेडिओ जुना. मध्ये जी खरखर यायची, तीही नानांनी नाटकातलीच समजून लिहून घेतली होती.

"नाना, हा वारा नाही. रेडिओची खरखर आहे."

"ऐकू आली ना?"

"आली, पण..."

"मग नोंदीला आली पाहिजे. मंगळावर वारा फार आहे, एवढंच."

"आणि मंगळाचं दार कल्हईवाल्याच्या भात्यासारखं कसं वाजेल?"

"कसंही वाजू दे. ओळखीचं वाजलं पाहिजे."

मग मी माझं सगळ्यात धारदार वाक्य काढलं. "नाना, कादंबरी ही डोळ्यांनी वाचायची वस्तू आहे. वाचकाला कान नसतात!"

नाना प्रत्येक वाक्याला उलटतपासणी करत. या वाक्याला केली नाही. पेन्सिल कानामागे खोचली. मग म्हणाले, "असं करा. राजा घालवा. वडिलांचं नाव, वय, पत्ता, सगळं काटा. मंगळावर हवी ती क्रांती करा. आवाज तेवढे राहू द्या. एकही काटू नका. आणि दिवाळीच्या पाडव्याआधी प्रत माझ्या हातात द्या."

"छापून?"

"हातानं लिहून. एकच पुरे."

"एका प्रतीनं जग कसं बदलणार?"

"जग नाही बदलायचं मला," नाना म्हणाले. "द्याल ना?"

मी शब्द दिला.

या महिनाभरात मी रोज त्या माडीवर जात होतो आणि रोज माझा एक अपमान होत होता. नानांच्या पत्नी, आम्ही सगळे त्यांना काकू म्हणत असू, माझ्याशी एक अक्षर बोलत नसत. स्वयंपाकघराच्या दाराशी वाती वळत बसलेल्या असत. मी नमस्कार केला तर हसत. मी काही विचारलं तर नानाच उत्तर देत, "तिला कामं आहेत." मी हजीऱ्याला गिरणीतल्या माणसांबरोबर बसून जेवतो हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे कारण उघड होतं. एक दिवस राहवलं नाही. नाना खाली गेले होते तेव्हा मी काकूंच्या पाठीमागे उभा राहून माणसामाणसांतल्या समतेवर चांगलं पाव तास बोललो. काकूंनी मान वर केली नाही. शेवटी वळून मला पाहिलं, दचकल्या, आणि उठून वाटीभर चिवडा आणून दिला. वरिष्ठ वर्ग चिवड्याने तोंड बंद करतो, हे मला त्या दिवशी पक्कं कळलं. चिवडा चांगला होता.

पक्की प्रत लिहायला मी कागद घरी नेले. आणि लिहिता लिहिता माझी कादंबरी मला इतकी आवडू लागली की बोलायची सोय नाही. मंगळावर लोकांचं राज्य आलं. खटल्यात प्राध्यापकाने भाषण केलं, ते अकरा पानांचं झालं. अशा तेजस्वी भाषणाच्या मध्येच मोहरी तडतडू लागली तर कसं चालेल? मी लाल पेन्सिल घेतली. आधी वारा गेला. मग परात गेली. मग बांगड्या, भाता, जातं. शब्द दिला होता हे मला आठवत होतं. पण कलेचं तत्त्व दिलेल्या शब्दाहून मोठं, असं मी स्वतःला बजावलं. तत्त्वासाठी शब्द मोडायला मी कचरलो नाही. लोकांनी तत्त्वासाठी याहून अवघड गोष्टी केल्या आहेत, असंही मनात आलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी प्रत दिली. नानांनी ती उघडलीही नाही. जबाबावर एकदा सही झाली की ते पुन्हा वाचत नसत. तांबड्या रेशमी रुमालात बांधली आणि म्हणाले, "उद्या सकाळी या. फराळाला."

पाडव्याला मी गेलो. पाटाभोवती रांगोळी होती, नाना नवी टोपी घालून पाटावर बसले होते. काकूंनी त्यांना ओवाळलं. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते आणि नवरा तबकात ओवाळणी घालतो. चोळीचा खण, एखादा दागिना, ज्याची जशी ऐपत. नानांनी तबकात तो रुमाल ठेवला.

काकूंनी गाठ सोडली. पहिलं पान पाहिलं आणि तिथेच पाटाशेजारी बसल्या. ओल्या हाताने पान चुरगळू नये म्हणून हात पदराला पुसले. वाचू लागल्या. नाना त्यांच्याकडे असे पाहत होते, जणू निकाल लागायचा आहे. काकूंनी पान उलटलं. मग मागे गेल्या. मग पुन्हा पुढे. बोट एका ओळीवर थांबलं.

आणि काकू बोलल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. गरजेपेक्षा मोठा, सगळा एकाच पट्टीतला, वर-खाली नाही.

"अहो, यान उडालं म्हणता. पण वाजलं कसं, ते कुठाय?"

मला एकदम सगळं दिसलं. उंबरठ्यावरचे पाय. फळ्यांची हादरणारी जमीन. माझ्या पाव तासाच्या भाषणाकडे असलेली ती शांत पाठ. समोरचा ऐकतो आहे की नाही हे पाहायची सवय पत्रकं वाचून वाढलेल्यांना नसते.

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. काकूंना ओठ दिसतील असं तोंड त्यांच्याकडे केलं आणि हळूहळू म्हणाले, "माझ्याकडून नोंदीला राहिलं. चूक झाली."

तीस वर्षांत या माणसाने नोंदीतली चूक कबूल केली नव्हती. त्याची पहिली चूक माझी होती.

मी उठून जिन्याकडे गेलो. नाना मागे आले.

"रेडिओ तिच्यासाठीच घेतला होता," ते म्हणाले. "त्यावरचा तो जाळीचा रुमाल तिनेच विणला. मग विषमज्वर झाला. ताप उतरला, पण ऐकणं गेलं ते गेलंच. दोन वर्षं झाली. लोक कानाशी येऊन ओरडतात ते तिला आवडत नाही. म्हणून सांगितलं नाही कुणाला."

"मला सांगायचं होतं, नाना."

"तुम्हाला?" नाना म्हणाले. "तुम्ही पत्रक काढलं असतं."

हे खरं होतं.

मी घरी पळालो. नानांचा मूळ कागदांचा गठ्ठा पलंगाखाली होता. लाल रेघांनी भरलेला. पण मी रेघा घाईने ओढल्या होत्या, खालचं अक्षर नीट दिसत होतं. वर आलो आणि काकूंसमोर गठ्ठा ठेवला. माफी मागायला तोंड उघडलं. मग लक्षात आलं की नुसतं बोलून उपयोग नाही. मी यान उडतं ते पान काढून दिलं.

काकू लाल रेघेखालचं मोठ्याने वाचू लागल्या. "प्रथम घरघर. जात्यावर एकट्या बाईने दळावे तशी." थांबल्या. मान किंचित कलली. "मग दोघी बसल्याप्रमाणे." पुन्हा थांबल्या. परातीपाशी आल्या तेव्हा त्या हसल्या. परात मोरीत गोल फिरत होती ती मला ऐकू आली, म्हणजे त्यांना नक्कीच आली असणार.

बारा पानांनंतर त्यांनी विचारलं, "मंगळावर वारा फार दिसतो हो?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं.

मी त्यांच्यासमोर बसलो, तोंड नीट त्यांच्याकडे केलं आणि म्हणालो, "फार, काकू. सतत."

अकरा पानी भाषण काकूंनी वाचलं की नाही, मी विचारलं नाही.

भाऊबीजेनंतर मी पुन्हा माडीवर गेलो. चपला जिन्याखाली काढल्या, वर आलो आणि उंबरठ्यावर दोनदा पाय आपटले. खाली आमच्या घरात आई ओरडली. काकूंनी वातींवरून मान वर केली.

"या," त्या म्हणाल्या.