आधी बडीशेप

गमरेभाऊ बडीशेप जेवणाआधी खातात. खानावळीत पाण्याचा ग्लास यायच्या आत खिशातून डबी निघते, चिमूटभर तोंडात जाते आणि मग ते म्हणतात, "हां, आता आणा ताट."

मी एकदा कारण विचारलं. "नंतर वेळ मिळत नाही, वहिनी," ते म्हणाले. मला वाटलं, पित्त असेल.

भाऊ आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत शेजारच्याच खोलीत एकटे राहतात. बँकेत कॅशियर होते. अख्ख्या नोकरीत हिशेबात कधी रुपयाचा फरक पडला नाही, हे ते जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, कुरिअरवाल्यालासुद्धा. दुसरं पालुपद म्हणजे, "डावीकडनं, शांतपणे." गणपतीच्या गर्दीत हेच, जिना उतरताना हेच. एकदा तर मयताला खांदा देणाऱ्यांनाही हेच सांगत होते.

तर अशा या भाऊंनी एका रविवारी दुपारी मला आणि ह्यांना जेवायला नेलं. लालबागला नलूताईंची मालवणी खानावळ आहे, तिथे. मी पाहुणी, म्हणून पर्स घरीच ठेवली. कोंबडी-वडे झाले, बांगडा झाला. सोलकढीचा पहिला घोट घेतला आणि भाऊ माझ्या कानाशी वाकले.

"वहिनी, वाटी संपली की उठायचं. बिल द्यायचं नाही."

"म्हणजे ह्यांनी द्यायचं?"

"कुणीच द्यायचं नाही. मी पुढे, तुम्ही मध्ये, साहेब शेवटी. डावीकडनं, शांतपणे. धावायचं नाही हं. धावतो तो चोर दिसतो."

मी ह्यांच्याकडे बघितलं. आमचे हे म्हणजे रस्ता रिकामा असला तरी लाल सिग्नलला फुटपाथवर थांबणारे. ते गंभीरपणे मान हलवत होते, आणि टेबलाखाली त्यांचा एक पाय आधीच चपलेत गेला होता.

आता सांगा, बाईमाणसाने काय करायचं? बसून राहावं, तर तिघांचं खरकटं आणि मी एकटी. ओरडावं, तर उद्या चाळीत तोंड दाखवायचं आहे. पळावं, तर मी नेसले होते कडक स्टार्चची कॉटन, चाललं तरी खळखळ वाजणारी. मी आपली सोलकढी चमच्याने प्यायला लागले, वाटी संपूच नये म्हणून.

संपली. उठलो. निघालो. डावीकडनं, शांतपणे, खळखळ करत.

आणि गंमत बघा, गल्ल्यावरच्या नलूताई आम्ही समोरून जाताना भिंतीवरच्या पालीकडे एकटक बघत बसल्या. पाल तिथे नव्हतीच!

कोपऱ्यावर भाऊंचा चेहरा शाळा बुडवलेल्या पोरासारखा फुलला होता. मला मात्र राहवेना. "चष्मा राहिला," म्हणत मी परत फिरले. चष्मा नाकावरच होता, पण दोघांपैकी कुणाच्या लक्षात येईल तर शपथ. गल्ल्यावर जाऊन बिल विचारलं, कमरेला खोचलेला मोबाइल काढला, कोड स्कॅन केला. काउंटरवरचा डबा ठणठणला, "सातशे ऐंशी रुपये प्राप्त झाले!"

नलूताईंचा चेहरा पडला.

"ह्या काय केलात? तुमी कशाक भरलात?"

"अहो, आम्ही पैसे न देता…"

"माका दिसत नाय? दर रविवारी दिसता!" त्या खुर्चीवरून उठल्याच. "बायको गेल्यापासून इथे जेवतत. यायचे, जेवायचे, पैशे ठेवून जायचे. तोंडातून शब्द नाय. एकदा खरंच पैशे द्यायला विसरले. दुसऱ्या दिवशी आले माफी मागायला. मी असं झापलं त्यांना, असं झापलं! तर हा माणूस हसला. पहिल्यांदा. चहा मागितला, तासभर बसून बायकोच्या गोष्टी सांगितल्या. तेव्हापासून रविवारी पळतत आणि सोमवारी पैशे घेऊन येतत, बोलणी खायला. आता तुमीच भरलात, तर उद्या ते येतले कशाक?"

माझं बरोबर होतं की चूक, मला अजून नीटसं कळलेलं नाही. नलूताईंनी गल्ला उघडला, नोटा काढल्या आणि माझ्या मुठीत कोंबल्या. भरलेलं बिल मी आयुष्यात पहिल्यांदाच परत घेतलं.

कोपऱ्यावर दोघे थांबले होते. भाऊंनी हळूच विचारलं, "वहिनी, तिने बघितलं का हो?"

"सगळं बघितलंय. भयंकर चिडल्यात. उद्या तुमची काही खैर नाही."

"भयंकर?"

"विचारू नका."

आम्ही घराकडे चालू लागलो. आमच्या नाक्यावर आलो, तसे भाऊ लाँड्रीकडे वळत म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. उद्याचा शर्ट इस्त्रीला दिलाय, तो घेऊन येतो."