गळ्याखाली थेंब नाही

दर रविवारी सकाळी जेवणाआधी आमचे घरमालक अंबादासकाका गच्चीवर खुर्ची टाकून बसायचे, काचेच्या छोट्या ग्लासात बूचभर परदेशी व्हिस्की ओतायचे, बराच वेळ तिचा वास घ्यायचे, मग ती तोंडात घेऊन डोळे मिटून गालातल्या गालात फिरवायचे आणि शेवटी जास्वंदीच्या कुंडीत थुंकायचे.

थुंकण्याचं आमच्या गल्लीला काही नवल नव्हतं. मावा खाणारी माणसं दिवसभर थुंकतच असतात. पण व्हिस्की थुंकणारा माणूस गल्लीनं पाहिला नव्हता आणि तो तिला सहनही होत नव्हता. समोर राहणारे रिक्षावाले सलीमभाई खालून हात जोडून म्हणायचे, "काका, थूकनाच है तो हमारे गिलास में थूको ना." शेजारच्या काकूंनी त्या जास्वंदीची फुलं गणपतीला वाहणं बंद केलं होतं. झाड मात्र गल्लीत सगळ्यात जास्त फुलायचं. काकांचं सगळ्यांना एकच उत्तर असायचं, "गळ्याखाली थेंब नाही."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते खोली बघायला आलो तेव्हा. गच्चीवरची ती एकच खोली. मी भीतभीत भाडं विचारलं, नळाला पाणी कधी येतं ते विचारलं. काका म्हणाले, पाणी काही दिवसांआड येतं, आणि लगेच पुढं म्हणाले, गळ्याखाली थेंब नाही. मला वाटलं, ते पाण्याबद्दलच बोलताहेत.

मी सांगोल्याकडचा. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. त्यामुळे शहरात विचित्र काय आणि रीतीचं काय, हे मला पटकन कळत नाही. बरेच दिवस माझी समजूत होती की शहरातली शिकलेली माणसं व्हिस्की अशीच पीत असतील. मी कॉलेजात शिकतो म्हणून काका मला नावानं हाक मारत नाहीत. "ए कॉलेज, इकडं ये" असं म्हणतात.

काका सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात डिझाईन मास्तर आहेत. तिथं परदेशातल्या बारसाठी छोटे टॉवेल विणतात. ते तिकडं काउंटरवर अंथरतात, ग्लास ठेवायला. टॉवेलवर व्हिस्कीचं नाव विणलेलं असतं. कुठला धागा कुठं वर यायचा, हे काका ठरवतात. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, पण विणता येतं. स्कॉटलंड, आयर्लंड, अमेरिका, जपान, सगळीकडची नावं त्यांच्या हाताखालून गेलेली आहेत.

बाटल्या यायच्या त्या तिथूनच. गिऱ्हाईक नमुन्याबरोबर बोटाएवढ्या उंचीच्या बाटल्या पाठवायचं. कारखान्याचे मालक शिवभक्त, गळ्यात लिंग असलेले. ते बाटली हातात धरायचे नाहीत. टॉवेलात गुंडाळून काकांच्या टेबलावर ठेवायचे आणि हात धुवायला जायचे. काका म्हणायचे, ज्याचं नाव आपण विणलं त्याची चव आपल्याला माहीत नको का?

चव घेण्याचे त्यांचे नियम कडक होते. बर्फ नाही. चकणा नाही. बोलणं नाही. "आधी नाकाला विचारायचं" हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य. शेजारच्या काकू नेमक्या त्याच वेळी उखळात शेंगदाण्याची चटणी कुटायला घ्यायच्या. सोलापुरात त्या वासापुढं बाकी कुठला वास टिकत नाही. काका कठड्यावरून अगदी नम्रपणे म्हणायचे, "वहिनी, जरा दम काढा की. जपान चालू हाय." काकू कुटण्याचा जोर वाढवायच्या.

त्यांची मतं मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाहीत. आयर्लंडची व्हिस्की सज्जन, पण लक्षात राहत नाही, जावई असावा तर असा. अमेरिकेची म्हणजे क्रीमच्या बिस्किटांच्या डब्यात कुणीतरी खिळे ठेवलेले. जपानची म्हणजे ट्रंकेत घडी मोडू नये म्हणून जपलेली साडी. स्कॉटलंडच्या एका बेटावरची व्हिस्की होती, तिच्याबद्दल ते म्हणाले की हुरड्याची आगटी विझवून वर दवाखाना बांधलाय. आणि आपल्याकडच्या स्वस्त बाटलीला ते व्हिस्की म्हणायलाच तयार नव्हते. ती त्यांच्या मते श्रीपूरकडच्या साखर कारखान्याची मळीच, नुसता रंग लावलेली.

एका रविवारी त्यांनी मला बोलावलं. मी पीत नाही, असं सांगितल्यावर म्हणाले, पिऊ नको, नुसतं नाकाला विचार. डोळे मिटायला लावून त्यांनी दोन ग्लास माझ्या नाकाखाली धरले. मी म्हणालो, पहिल्यात धूर आहे. दुसऱ्यात गूळ आहे, पण आतून कडू. तिसरा ग्लास त्यांनी मुद्दाम न सांगता आणला. मी म्हणालो, हा पहिलाच आहे, पाणी घातलेला.

काका खुर्चीतून उठले. "काय नाक हाय बे तुझं. कुटं शिकलास?"

गावाकडं, एवढंच मी म्हणालो. खरं म्हणजे ते शिकणं नव्हतं. संध्याकाळी वडील घरी यायची वेळ झाली की आई मला पाण्याचा तांब्या देऊन दारात उभं करायची. पाणी देता देता मी वास घ्यायचो आणि चुलीपाशी जाऊन तिला सांगायचो, आज थोडी, किंवा आज लई. त्यावरून ती ठरवायची की आम्हा भावंडांना आधी जेवायला वाढायचं की शेजारी झोपायला पाठवायचं. 'न्हाय' असं सांगायची वेळ आल्याचं मला आठवत नाही.

काका मात्र खुशीत होते. म्हणाले, असं नाक मी दुसरं एकच पाहिलंय, आमच्या पद्माचं. पद्माताई त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्यात नर्स आहे, हे मला ऐकून माहीत होतं. काका सांगू लागले. पद्मा सहा-सात वर्षांची असताना मी पिऊन जिना चढायला लागलो की वरूनच ओळखायची, आज देशी की इंग्लिश. मित्र घरी बसले की मी तिच्या डोळ्यांवर टॉवेल बांधायचो, पुढं ग्लास मांडायचो. वास घेऊन नाव सांगायची. मित्र टाळ्या वाजवायचे, चॉकलेट द्यायचे. "एकदाबी चुकली न्हाय बे पोरगी."

सांगताना ते हसत होते. मला हसता आलं नाही. ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते मध्येच थांबले आणि ग्लास पुसू लागले.

बाकीचं मग हळूहळू कळलं. काकांची बायको वारली तेव्हा दहाव्याला पद्माताई बापाला म्हणाली, दारू सुटली की सांगा, मी येते. काकांनी त्याच दिवशी बायकोच्या फोटोवर हात ठेवून शपथ घेतली, गळ्याखाली थेंब जाणार नाही. आणि गेला नाही, हे मी सांगू शकतो. महिन्याभरानं त्यांनी फोन करून सुटली म्हणून कळवलं. ताई म्हणाली, बघू. तेव्हापासून ती बघूच म्हणत होती.

मी एकदा धीर करून विचारलं की थुंकायचीच असेल तर तोंडात तरी कशाला घ्यायची. काकांना राग आला नाही. म्हणाले, अरे, पीत होतो तेव्हा चव कुठं बघितली? घशात ओतायची आणि पडायचं. सगळं आयुष्य पिण्यात गेलं आणि दारूची चव विचारशील तर सांगता येत नव्हती. मग म्हणाले, "तिच्या हातच्या आमटीची पण सांगता येत न्हाय."

या जानेवारीत सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरली तेव्हा पद्माताईचा फोन आला. तिच्या मुलीला आकाशपाळण्यात बसायचं होतं. रविवारी येते म्हणाली.

काकांनी आठवडाभर घर धुतलं. जिन्याला रंग दिला. बायकोच्या फोटोला नवा हार आणला. आणि रविवारी सकाळी गच्चीवर टेबल मांडून, त्यावर स्वच्छ टॉवेल अंथरून, सगळ्या बाटल्या देशवार ओळीत लावल्या. मला ते बरं वाटेना. मी विचारलं, काका, या आत ठेवू का?

"येडा हायस का? ह्योच तर पुरावा," ते म्हणाले. "इतक्या दिवसांच्या बाटल्या अजून गळ्यापर्यंत भरलेल्या. पिणाऱ्याच्या घरात भरलेली बाटली बघितलीस कधी?"

मी बघितली नव्हती.

पद्माताई आली. उंच, शांत बाई. सोबत सहा-सात वर्षांची मुलगी. ताईनं खाली आईच्या फोटोला नमस्कार केला, काकांच्या हातचा चहा घेतला, जिन्याचा रंग छान आहे म्हणाली. सगळं बरं चाललं होतं. मग काका त्यांना वर घेऊन आले.

टेबल बघून ताई जिन्याच्या तोंडाशीच उभी राहिली. काकांनी तिला समजावून सांगायला सुरुवात केली. ही स्कॉटलंड, ही जपान. शपथ घेतल्यापासून थेंब नाही. विश्वास नसेल तर बघ, असं म्हणून त्यांनी बूचभर ओतली, तोंडात घेतली, फिरवली आणि कुंडीत थुंकली. मग परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरासारखं तिच्याकडं बघितलं.

ताई कुंडीकडं बघत राहिली. काकांना ते कौतुकच वाटलं असावं. त्यांनी नातीला जवळ ओढलं आणि ग्लास तिच्या नाकाखाली धरला. "ये गं, आधी नाकाला विचार. कशाचा वास येतोय?"

मुलीनं डोळे मिटले, खोल वास घेतला आणि म्हणाली, "जळलेल्या लाकडाचा."

"बघ, बघ! नाक बघ पोरीचं! तुझंच नाक!"

पद्माताईनं पुढं होऊन त्यांच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि टेबलावर ठेवला. त्यांच्या घरात तेलुगू बोलतात, वडिलांना नायना म्हणतात. पण ती मराठीत बोलली, मला कळावं म्हणून की काय कोण जाणे.

"नायना, हा वास हिला ओळखता येऊ नये म्हणून मी पुण्यात राहते."

"अगं, पण गळ्याखाली थेंब न्हाय."

"माहीत आहे. वास गळ्याच्या वरच असतो."

काका माझ्याकडं वळले. सांग की हिला, म्हणाले, तू दर रविवारी बघतोस. मी सांगितलं, ताई, काका खरंच थुंकतात, एक थेंबसुद्धा पीत नाहीत. ते खरं होतं. ताईनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "तुझे वडील पितात?"

"व्हय."

"दारात कोण उभं राहायचं? तूच ना?"

मी मान हलवली. मुलीचा हात धरून ती खाली गेली. मुलगी आकाशपाळणा, आकाशपाळणा म्हणत होती, तिला ताई म्हणाली, पुण्यात बसू. सलीमभाईंच्या रिक्षातून त्या स्टँडवर गेल्या. त्या दिवशी सलीमभाईंनी एकही चेष्टा केली नाही. भाडंही घेतलं नाही, असं नंतर कळलं.

काकांनी संध्याकाळपर्यंत सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. वास घेतला नाही. कारखान्यात आता मालक टॉवेलात गुंडाळून बाटली आणून ठेवतात, तर काका ती तशीच उचलून परत त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवतात. मालकांना दोनदा हात धुवावे लागतात. रविवारी शेजारच्या काकू निवांत चटणी कुटतात. जास्वंदीची फुलं गणपतीला पुन्हा चालू झालेली आहेत.

आणि रोज संध्याकाळी कारखान्यातून आले की काका थेट वर, माझ्या खोलीच्या दारात येतात. केसांत सुताची फुलं अडकलेली असतात. लवंग किंवा बडीशेप ते खात नाहीत, त्यानं संशय येतो म्हणतात. चप्पल काढून उंबऱ्यापाशी वाकतात, तोंड उघडतात आणि म्हणतात, "कॉलेज, नाकाला विचार."

मी हातातलं पुस्तक ठेवून दारात जातो. सुताचा वास येतो, खळीचा येतो, दुपारच्या भाकरीचा येतो.

"न्हाय, काका."

"नक्की?"

"नक्की."

हा शब्द मला आईला एकदाही सांगता आला नव्हता. यांना रोज सांगतो.

काका खाली जातात. थोड्या वेळानं त्यांचा फोनवरचा आवाज ऐकू येतो, "कॉलेजनं बघितलं. न्हाय म्हणतोय." पलीकडून ताई काय म्हणते ते वर कळत नाही. फोनवरून वास जात नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी काका पुन्हा वर येतात.